त्या दिवशीचा चहा

बोरमाळ ग्रामपंचायतीचा शिपाई सावळाराम याच्या हातच्या चहाला गावात नाव होतं. आता ग्रामपंचायतीचा चहा म्हणजे काही अमृत नव्हे. पाणी जास्त, दूध बेताचं आणि साखर मात्र सढळ. सभेला येणारं माणूस विषयासाठी येत नाही, चहासाठी येतं, हे सावळारामला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. कासुर्डीच्या फाट्यावरून आत वळलं की पाचेक किलोमीटरवर हे गाव. सव्वीस वर्षं त्यानं तिथलं कार्यालय झाडलं, नळाला पाणी सोडलं, नोटिसा डकवल्या, खुर्च्या मांडल्या आणि उचलल्या, आणि वर्षाच्या चार ग्रामसभांना चहा केला.

आणखी एक काम तो करायचा, जे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. सभेला माणसं कमी आली, आणि ती कमीच यायची, की दुसऱ्या दिवशी हजेरीचं रजिस्टर बगलेत मारून तो वस्त्यांवर हिंडायचा.

"सही करा."

"कशाची?"

"सभेची."

"झाली व्हय सभा?"

"झाली."

माणूस हसायचा, शेणाचा हात धोतराला पुसायचा आणि सही ठोकायचा. नियमाला जेवढी डोकी लागतात तेवढी अशी कागदावर भरली जायची. आसपासच्या गावांतही असंच चालायचं. यात आपण काही वावगं करतोय असं कुणालाच वाटत नव्हतं, सावळारामला तर नाहीच. माणसाला उन्हातान्हात सभेला बोलावण्यापेक्षा सभाच त्याच्या गोठ्यात नेलेली बरी, असा त्याचा हिशोब.

चहाचं दूध मल्हारकडून यायचं. मल्हार म्हणजे शेवंताबाईचा एकुलता एक पोरगा. बाप मेंढरांमागे हिंडता हिंडता लवकरच गेला, आईनं मेंढरं विकून दोन एकर राखले आणि पोराला शिकवलं. रांजणगावला एका कंपनीत चार वर्षं त्यानं कंत्राटावर काढली, तिथंच खोली करून राहिला. कंपनीनं ब्रेक देऊन काम थांबवलं तेव्हा घरी येऊन त्यानं पाच गाई घेतल्या. सभेच्या दिवशी पाच लिटरची ॲल्युमिनियमची किटली तो स्वतः आणून द्यायचा. सभा संपली की सावळाराम ती विसळून शेवंताबाईच्या पायरीवर नेऊन ठेवायचा. मल्हार त्याला तात्या म्हणायचा आणि चहात साखर डबल मागायचा.

गावाला लागून मोठं गायरान होतं. पूर्वी तिथं मेंढरं चरायची, आता खोदाईचा पोकलेन चरत होता. मुरमाचे हायवा ट्रक रात्रंदिवस भरून निघायचे. पोकलेन होता संपतचा, आणि संपत हा सरपंच बबनरावांचा पुतण्या. बबनराव म्हणजे जुनं खानदानी घर, सोसायटी त्यांची, पतसंस्था त्यांची, देवाच्या पालखीला पहिला खांदाही त्यांचाच. मुरूम उचलायला ग्रामसभेनं ठराव दिलाय, असं सांगितलं जात होतं. मल्हारनं अर्ज करून त्या ठरावाची नक्कल काढली. सभेला हजर म्हणून खाली जी नावं होती, त्यांत शेवंताबाईचा अंगठा होता.

शेवंताबाई आयुष्यात सभेला गेली नव्हती. अंगठा तिनं गोठ्याच्या दारात दिला होता, सावळारामच्या रजिस्टरवर.

मल्हार यावरून सावळारामशी भांडला नाही. "तात्या, तुमचा काय दोष? तुमी आपले सांगकामे," एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर सावळारामला पचली असती. हे वाक्य मात्र त्याच्या घशात अडकून राहिलं.

तीन वर्षांपूर्वीच्या पंधरा ऑगस्टची ही गोष्ट. झेंडा झाला, मुलांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या आणि समाजमंदिरात ग्रामसभा भरली. मल्हार आज बोलणार अशी कुणकुण गावभर होती, म्हणून माणसं खरोखर आली. एकशे बत्तीस सह्या झाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सावळारामला रजिस्टर घेऊन कुणाच्या दारात जावं लागणार नव्हतं. समाजमंदिराच्या दाराबाहेर दहा फुटांचा ओटा आहे, तिथं त्याची गॅसची शेगडी. पातेल्यात पाणी, साखर, पावडर, ठेचलेलं आलं पडलं होतं आणि दुधाची वाट होती.

मल्हार उशिरा आला. किटली शेगडीजवळ ठेवून म्हणाला, "तात्या, दूध ठिवलंय. तेवढं दोन शब्द बोलून येतो. माझ्यात साखर..."

"डबल. ठावं हाय," सावळाराम म्हणाला.

मल्हार आत गेला. त्यानं खिशातून कागद काढला आणि उभं राहून वाचला. गायरानातला मुरूम कुणाच्या परवानगीनं चाललाय, आणि ज्या सभेत ठराव झाला ती सभा कधी, कुठं भरली होती, एवढंच त्या कागदात होतं. बबनराव खाली मान घालून बसले होते. संपत पुढच्या रांगेतून उठला. "खाली बस," म्हणाला. मल्हार बसला नाही. "उत्तर द्या, मग बसतो," म्हणाला. त्यानंतर संपतनं आणि त्याच्या तिघा सोबत्यांनी लोखंडी घडीच्या खुर्च्या उचलल्या. चहाला एक उकळी यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात सगळं आटोपलं. जीपमधून त्याला नेलं, पण दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला.

सावळारामनं मग खुर्च्या उचलल्या. त्यांतली एक नंतर पोलिसांनी नेली. पातेलं घासलं. शेगडी आत ठेवली. आणि किटली उचलून शेवंताबाईच्या पायरीवर ठेवून आला, नेहमीसारखी. त्या दिवसाचं हे त्याला नंतर नीटसं आठवायचंही नाही. पाय गेले, हातानं ठेवली, पाय परत आले.

दुसऱ्या दिवसापासून जबाब सुरू झाले. पहिल्यानं कुणी सांगितलं, हे आता ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. मेंढरांचं असं असतं की पुढचं मेंढरू काठीवरून उडी मारतं, मग काठी काढून घेतली तरी मागची सगळी त्याच जागी उडी मारून जातात. कुणीतरी पहिला म्हणाला, "त्या येळंला मी चहाला भाईर गेलतो." मग दुसरा म्हणाला. मग सगळे. एकशे बत्तीसातली शंभरावर माणसं त्या वेळी सावळारामच्या पातेल्याभोवती उभी होती, असं पोलिसांच्या कागदावर आलं. दहा फुटांच्या ओट्यावर शंभर माणसं! खरोखर उभी राहिली असती तर ओटा खाली आला असता आणि तोही पंचनाम्यात लिहावा लागला असता. पण हे कुणी मोजलं नाही. सावळारामची बायको सारजाबाई, माहेर केंदूरचं, बोलायला फटकळ, तीसुद्धा म्हणाली, "आमचे मालक चहा देत हुते, मी कप इसळीत हुते."

सावळारामला विचारलं, "सगळे म्हणतात तुम्ही चहा देत होता. बरोबर?"

"व्हय," तो म्हणाला.

भीतीपोटी म्हणाला असता तर एक वेळ समजलं असतं. त्याला भीती वाटली नव्हती. त्याला काहीच वाटलं नव्हतं. इतकी वर्षं साहेब जे विचारतील त्याला तो व्हय म्हणत आला होता, आणि आताही तेच तोंडातून निघालं.

चहा झाला नव्हता. एका माणसानंही त्या दिवशी बोरमाळच्या ग्रामसभेत चहाचा घोट घेतला नव्हता. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती, पण त्याबद्दल बोलायचं नाही हे कुणी न सांगता ठरलं होतं. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

गावानं बाकी सगळं रीतसर केलं. दहाव्याला माणसं मावेनात इतकी आली. तालुक्याहून, जिल्ह्याहून पुढारी येऊन गेले, शेवंताबाईच्या पुढ्यात बसून फोटो काढून गेले. तालुक्याच्या गावी मेणबत्त्यांचा मोर्चा निघाला. वेशीजवळ 'तंटामुक्त गाव' अशी कमान आहे, तिच्या खांबाला मल्हारच्या फोटोचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स बांधला गेला. तो उन्हानं असा विटला की दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत चेहरा जाऊन नुसता पांढरा ठिपका राहिला. खाली 'समस्त ग्रामस्थ' ही अक्षरं मात्र शाबूत होती. शांतता समिती झाली, तिचे अध्यक्ष बबनराव. पुढची पंचायतीची निवडणूक गावानं बिनविरोध केली. "इरोध केला की काय व्हतं ते बघितलं ना," असं कुणी तोंडानं बोललं नाही. बिनविरोध झाली म्हणून गावाचा सत्कारही झाला, नारळ-शाल देऊन.

आणि ग्रामसभा? ती सुरूच होती. वर्षातून चार. माणसं यायची, दारातच सही करायची आणि ओट्यावर चहाला उभी राहायची. आत कुणी बसायचं नाही. भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, रिकाम्या खुर्च्यांसमोर विषय वाचायचे आणि 'सर्वानुमते मंजूर' लिहायचे. चहाला मात्र आता खरीच गर्दी व्हायची. पिशवीच्या दुधाचा चहा, तरी लोक दोन-दोन कप घ्यायचे. जणू ज्या चहाला गेलो म्हणून सांगितलं, तो नंतर पिऊन पुरा करत होते.

सावळाराम कप भरत राहायचा. त्याचं सगळं चालू होतं आणि काहीच चालू नव्हतं. भाकरीला चव नव्हती, पण तो दोन भाकरी खायचा. नात झाली तेव्हा सगळं घर हसलं, त्यानं भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते पाहिलं. थोरला भाऊ वारला तेव्हा सारजाबाईनं त्याला कोपरानं ढोसून रड म्हणून सांगितलं. एकदा गरम पातेलं फडक्याशिवाय उचललं आणि बोटांचा वास आला तेव्हा त्याला समजलं. शेवंताबाईच्या दारात मात्र तो गेला नाही. तिची सभेची नोटीस तो फाटकाच्या तारेला अडकवून यायचा. डॉक्टरकडे नेलं तर डॉक्टरनं शुगर तपासली. शुगर नव्हती.

खटला यंदाच्या हिवाळ्यात उभा राहिला, बारामतीच्या कोर्टात. संपत आणि त्याचे तिघे सोबती जामिनावर गावातच होते, संपतनं मधल्या काळात नवी गाडीही घेतली होती. साक्षी सुरू झाल्या तसे एकेक करून सगळे चहाला बाहेर निघाले. सरकारी वकील वैतागले. रजिस्टर ग्रामपंचायतीचं, त्यावरच्या सह्या सावळारामनं समोर घेतलेल्या, म्हणून रजिस्टर ओळखायला सावळारामला समन्स आलं.

बबनराव स्वतः कार्यालयात आले. खुर्चीवर न बसता सावळारामजवळ बाकावर बसले. आवाज कधी चढवत नाहीत ते.

"सावळा, रजिस्टर वळखायचं आन् खाली उतरायचं. आपला वकील एकच इचारंल, चहा देत हुतास ना. एक शब्दाचं काम हाय."

"व्हय, आप्पा."

"हे बघ, मी संपतसाठी म्हणत न्हाई. त्याचं तो भोगंल. पर शंभर घरांनी शपथ घिऊन सांगितलंय. तू इपरीत बोललास तर अख्खं गाव खोटं पडंल. तुझी मंडळी बी त्यातच हाय. गाव हाय तर आपण हाय. खरं का खोटं?"

"खरं हाय, आप्पा."

बबनरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. धमकी नाही, आमिष नाही. सावळारामला त्यात खोट काढता येईना. गाव करील ते राव काय करील, असं म्हणतात, आणि सावळाराम तर साधा शिपाई. त्यानं झाडू घेतला आणि झाडलेलीच फरशी पुन्हा झाडली.

घरी सारजाबाईनं आधीच ताट वाढून ठेवलं होतं. "माझं नाव कागदावर हाय," एवढंच ती म्हणाली. "कप इसळीत हुते म्हणून सांगितलंय म्या. आता मला खोटी पाडू नगा."

"न्हाई पाडत," तो म्हणाला.

साक्षीला दोन दिवस उरले होते. दुपारच्या वेळी कार्यालयात तो एकटाच होता, भाऊसाहेब पंचायत समितीत गेले होते. दारात शेवंताबाई उभी. सत्तरी गाठलेली, अंगानं वाळलेली, हातात पिशवी. सावळारामनं बाक पुसला.

"भाऊसाहेब न्हाईत, वैनी. दाखला पायजे व्हय?"

"दाखला नगं." ती बाकावर टेकली. धाप लागली होती, ती ओसरेपर्यंत थांबली. "परवाला तुजी साक्ष हाय म्हणत्यात."

"व्हय."

"मी काय मागाया आले न्हाई. एक सांगायचं ऱ्हायलंय, ते सांगते आन् जाते. तू त्या दिशी किटली आणून ठिवलीस."

सावळारामनं फडक्याची घडी घातली.

"मी गोठ्यात हुते. तू पायरीवर ठिवलीस आन् 'वैनी, किटली' म्हणालास. बस. मी हात धुवून आले, उचलाया गेले तर उचलंना. झाकाण काढलं. काठोकाठ भरलेली." तिनं हातानं काठ दाखवला. "मला वाटलं, सभाच झाली न्हाई आज, म्हणून दूध माघारी आलं. मी ते तापवाया ठिवलं, सावळा. नासू नये म्हणून. चुलीम्होरं बसून ऱ्हायले. उतू गेलं तरी कुणी सांगाया आलं न्हाई मला."

बाहेर टाकीतून पाणी उतू चाललं होतं. सावळाराम ते बंद करायला उठला नाही.

"पोलिसाला सांगितलं म्या. किटली भरल्याली आली, तर मग चहा कशाचा केला समद्यांनी? तर म्हणला, आजी, दुधाचं मागनं बघू. मागल्या तारखेला कोरटात बी सांगितलं. तवा त्यो वकील म्हणला, तुमचं पोरगं गेलं त्या दिवशी, तुम्हाला कशाचं भान असणार. जज्जसाहेब बी माझ्याकडं बघत ऱ्हायलं, कनवाळूपनानं." ती उठली. "मला भान हुतं. तुलाच नव्हतं. पाच लिटर वझं घिऊन आलास आन् तुझ्या हाताला कळलं न्हाई."

दाराशी ती थांबली. "तीन वरीस तू माझ्या दारात आला न्हाईस. मला वाटलं, त्याला ठावं हाय म्हणून येत न्हाई. आज तुझ्याकडं बघून कळलं, तुला ठावंच नव्हतं."

ती गेली. सावळारामनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. समाजमंदिरापासून शेवंताबाईच्या वस्तीपर्यंत पाऊण किलोमीटर. पाच लिटर दूध. रिकामी किटली आणि भरलेली किटली यांतला फरक नेणत्या पोराला कळतो. तो बराच वेळ हाताकडे बघत बसला. मग टाकीचा कॉक बंद करायला गेला, तोवर अर्धी टाकी गटारात गेली होती.

चौफुल्यावरून एसटीनं तो बारामतीला गेला. गावातली एक जीपही कोर्टात चालली होती, तिच्यात जागा होती, पण तो बसला नाही. का बसला नाही हे त्याला सांगता आलं नसतं. कोर्टात बबनराव मागच्या बाकावर होते. संपत आणि तिघे एका बाजूला. शेवंताबाई दुसऱ्या बाजूला एकटी, मांडीवर पिशवी ठेवून.

सरकारी वकिलांनी रजिस्टर दाखवलं. सावळारामनं ओळखलं. सह्या कुणासमोर झाल्या? माझ्यासमोर. किती? एकशे बत्तीस. झालं. ते खाली बसले. आरोपींचे वकील उठले. उंच, गोरेपान, बोलायला गोड.

"सावळाराम, ग्रामसभेचा चहा तुम्हीच करता?"

"व्हय."

"त्या दिवशीही तुम्हीच करत होता?"

"व्हय."

"आणि ही घटना घडली तेव्हा सगळे लोक ओट्यावर तुमच्याभोवती चहा घेत होते. बरोबर?"

सावळारामनं तोंड उघडलं. एक शब्द होता, तोंडात तयार होता, सव्वीस वर्षं तयार होता. त्याला काही मोठं वाटलं नाही, अंगावर काटा आला नाही, मल्हार दिसला नाही. उजवा हात तेवढा जड झाला, खांद्यापासून खाली. पाच लिटरच्या वझ्यानं ओढावा तसा.

"चहा झाला नव्हता," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"चहा झाला नव्हता, सायेब. दूध घातलंच नव्हतं. किटली भरल्याली माघारी गेली. मीच नेली."

वकील हसले. कागद उलटे-पालटे केले. "पोलिसांसमोर तुम्ही सांगितलंत की तुम्ही चहा देत होता. हा तुमचा जबाब आहे की नाही?"

"माझाच हाय. ते खोटं हाय."

कोर्टात गलका झाला. कोर्टाच्या शिपायानं सगळ्यांना गप्प केलं. वकील मग लगेच खाली बसले, पण न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं होतं. त्यांनी स्वतःच विचारलं.

"चहा झाला नव्हता, तर लोक कुठे होते?"

"आत हुते, सायेब. खुर्च्यांवर."

"किती?"

"समदे. एकशे बत्तीस. दारात माझी मंडळी हुती, कपाची पाटी घिऊन."

"ते काय करत होते?"

"बसून हुते."

"तुम्हाला ओट्यावरून आतलं दिसत होतं?"

"दिसत हुतं. दार उघडं हुतं. ह्या चौघांनी खुर्च्या घातल्या त्याच्या डोक्यात. पयली संपतनं."

न्यायाधीशांनी पेन पुन्हा उचललं. मग हळू आवाजात म्हणाले, "आणि तुम्ही? तुम्ही त्या वेळी काय केलं?"

सावळारामला हा प्रश्न तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यानं स्वतःही नाही. तो आठवू लागला. पातेलं. वर आलेली उकळी. आतून येणारा आवाज. आपला हात.

"गॅस बंद केला," तो म्हणाला.

"काय?"

"गॅस बंद केला, सायेब. कोरा चहा आटत हुता."

टायपिस्टनं ते टाइप केलं. मग रीतीप्रमाणे त्याला वाचून दाखवलं. मी गॅस बंद केला. बरोबर आहे? बरोबर हाय. तेव्हा सावळारामला लाज वाटली. सरळ लाज, कानाच्या पाळ्या तापवणारी. तीन वर्षांत त्याला काही वाटलं ते पहिल्यांदा हेच. त्यानं शेवंताबाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, डोळे मिटून बसली होती. त्यानं सही केली. लोकांच्या हजारो सह्या घेतलेल्या त्या माणसाची स्वतःची सही इतकी वाकडी आली की कारकुनानं विचारलं, हीच करता ना?

गावानं त्याला काही केलं नाही. मारलं नाही, नोकरीवरून काढलं नाही, वाळीतही टाकलं नाही. बोलले नाहीत, एवढंच. तो पाणी सोडायला गेला की लोक घरात जायचे. बबनराव रस्त्यात भेटले तर मान हलवायचे, पहिल्यासारखीच. सारजाबाई चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी ताट वाढता वाढता म्हणाली, "पाटी माझ्या हातात हुती. मला बी दिसत हुतं." आणि त्याच्यापुढे न बसता चुलीकडे तोंड करून जेवली. खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे. कसा लागेल ते कुणी सांगावं.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला. समाजमंदिर झाडायला सावळाराम गेला तेव्हा ओट्यावर किटली होती. तीच. काठोकाठ भरलेली. या खेपेला उचलताना त्याच्या हाताला वजन कळलं.

माणसं आली, सह्या केल्या आणि नेहमीप्रमाणे ओट्याशी थबकली. सावळारामनं दूध घातलं, उकळी आणली, चहा गाळला. पहिल्या कपात डबल साखर घालून तो बाजूला ठेवला. मग सगळ्यांना सांगितलं, "चहा झालाय."

कप घ्यायला कुणी हात पुढे करेना. जो तिथं उभा राहील तो त्या दिवशीही तिथंच होता असं म्हटल्यासारखं होईल, आणि तिथं कुणी नव्हतं हे आता कागदावर आलं होतं. एकानं मागे पाहिलं, दुसऱ्यानं चपला काढल्या. एकेक करून माणसं आत गेली. तीन वर्षांनी खुर्च्या भरल्या. शेवंताबाई आयुष्यात पहिल्यांदा सभेला आली होती, ती दाराजवळच्या खुर्चीत बसली. बबनरावांनी खाली मान घातली. भाऊसाहेबांनी विषय वाचले, त्यांचा आवाज मध्येच चिरकला, कारण समोर माणसं असताना वाचायची सवय मोडली होती.

ओट्यावर चहा निवत होता. सगळे विषय संपले तसे भाऊसाहेबांनी चष्मा काढला आणि छापील कागदावर शेवटी जे लिहिलेलं असतं, ते वाचलं. "कुणाला काही विचारायचं आहे?"

कुणी काही विचारलं नाही. पण कुणी उठलंही नाही.